पांढरी बाराबंदी आणि ‘एक नंबर’

प्रश्न : काका, आमचा दहा-बारा हौशी फोटोवाल्यांचा ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी जमतो, प्रत्येक जण एक फोटो दाखवतो. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्या एका आजोबांचा फोटो मी काढला. सगळे म्हणाले, ‘एक नंबर’. एक ज्येष्ठ सभासद मात्र म्हणाले, ‘पांढरं जळलंय, फ्रेम तिरकी आहे, कडेला पोरगं आलंय.’ झालं. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. फोटो सोबत पाठवते. खरं काय ते सांगा.
– गप्प बसलेली, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा फोटो चार दिवस माझ्या टेबलावर आहे. दर वेळी माझी नजर आधी आजोबांच्या मनगटावर जाते. शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे वर ध्वजाच्या टोकाकडे, तोंड किंचित उघडं. ध्वजाचं वजन मला त्या मनगटात दिसलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं का? ‘एक नंबर’वाल्यांनी सांगितलं नाही, चुका काढणाऱ्यांनीही नाही. ‘एक नंबर’ आपण चहालाही म्हणतो आणि मेव्हण्याच्या नव्या गाडीलाही. ते ऐकून तुम्ही खूश झालात, पण घरी काय घेऊन गेलात?

आता त्या तीन चुका बघू. पहिली खरी आहे. आजोबांच्या अंगातल्या बाराबंदीच्या, म्हणजे बंदांच्या पांढऱ्या अंगरख्याच्या, उजव्या बाहीवर एकही चुणी उरलेली नाही, नुसता कोरा कागद. आजोबा उन्हात आणि मागची गर्दी सावलीत. कॅमेऱ्याला काळोख जास्त दिसला, त्यानं सगळंच उजळून टाकलं, आणि पांढरं जळालं. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग, उणे एकवर आणा. मोबाइल असेल तर पांढऱ्या कापडावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. मागची गर्दी काळवंडते, तर काळवंडू दे. सावलीतलं बरंचसं नंतर वर काढता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही. आणि भोगीला यात्रेतल्या लग्नसोहळ्यात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडताना अख्खी फ्रेमच बाराबंद्यांनी भरली, की हाच कॅमेरा उलटा वागतो, पांढऱ्याचं करडं करतो. तिथं अधिक एक.

दुसरी चूक मला मान्य नाही. आजोबांच्या मागं विजेचा खांब आहे. मी त्याला पट्टी लावून पाहिली. खांब ताठ उभा आहे. म्हणजे तुमचा कॅमेरा सरळच होता, कललाय तो ध्वज, आणि तो सावरण्यासाठीच तर मनगटाच्या शिरा फुगल्यात. कुणी हा फोटो फिरवून ध्वज सरळ करा म्हणालं, तर करू नका. खांब पडेल.

तिसरी, पोरगं. पिवळा शर्ट, हातात गुलाबी बुढ्ढी के बाल. मनगटावरून सुटलेली नजर थेट तिथं जाते, हे खरं. यावर माझ्या उस्तादांची जुनी युक्ती आहे. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यायचा, गवंड्याच्या काटकोनी गुण्यासारखे दोन तुकडे कापायचे आणि प्रिंटवर समोरासमोर सरकवत चौकट लहान-मोठी करून बघायची. तुमच्या फोटोवर मी तेच केलं. डावीकडून बोटभर झाकलं की पोरगं जातं, पण आजोबांचं कोपरही जातं. म्हणजे हे कात्रीनं सुटणारं काम नाही. काढतानाच तुम्ही अर्धं पाऊल उजवीकडे सरकला असता, तर पोरगं आपोआप आजोबांच्या पाठीआड गेलं असतं. पुढच्या गड्ड्यापर्यंत एवढंच लक्षात ठेवा.

उस्ताद डार्करूममधून ओली प्रिंट घेऊन बाहेर आले, की चांगलं-वाईट काही म्हणायचे नाहीत. विचारायचे, ‘काय दाखवायलास बे?’ उत्तराला एकापेक्षा जास्त वाक्यं लागली, की प्रिंट ड्रॉवरमध्ये. येत्या रविवारी मोबाइल नेऊ नका, सहा बाय आठची प्रिंट न्या. मोबाइलच्या पडद्यावर पोरगंही दिसत नाही आणि मनगटही. प्रिंट हातोहात फिरू द्या. ‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’ येणारच, म्हणून ‘आधी नजर कुठं गेली?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. किती गर्दी होती, किती धक्के बसले, हे सांगायचं नाही. ते फोटोत असेल तर दिसेल. दुसऱ्यांचा फोटो हातात आला की हेच त्यांना सांगा: आधी काय दिसलं, मग नजर कुठं अडली. चांगला की वाईट, हे त्यांचं त्यांना कळतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांची पाठ थोपटत बसतात. मी स्पष्ट बोलणारा माणूस. मध्यंतरी एका बाईंना तीन चुका सांगितल्या, त्या परत आल्याच नाहीत. खोटं कौतुक करायचं का आता?
– स्पष्टवक्ता, सात रस्ता

उत्तर : साहेब, तुमचं पत्र आणि वरचं पत्र एकाच आठवड्यात आलं. दोन्ही एकाच ग्रुपमधली आहेत का, हे मी विचारणार नाही.

खोटं कौतुक करू नका. पण तीनऐवजी एकच सांगा, तीही उद्या दुरुस्त करता येईल अशी. ‘पांढरं जळलंय’ म्हणून थांबलात तर तो निकाल झाला. ‘उणे एकवर काढून बघा’ म्हणालात तर समोरचा कॅमेरा हातात घेतो. आणि बोलायच्या आधी फोटोतला विजेचा खांब बघून घ्या.

मी हे कुठल्या तोंडानं सांगतोय, तेही ऐका. स्टुडिओत माझ्याकडे एक पोरगा शिकायला यायचा. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, त्यांच्यामधून वाकून जाणारी बाई, असा फोटो त्यानं आणला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, ‘हे तुझं काम नाही, लग्नाचे फोटो काढ.’ लोक हसले. महिन्याभरात त्यानं कॅमेरा विकल्याचं कळलं. त्या फोटोत काय चुकलं होतं, ते आज मला आठवत नाही. लाल लडी आणि तिची वाकलेली पाठ आठवते.

काही सांगायचं असेल तर त्यांना बाजूला घेऊन सांगा. चहाच्या टपरीवर सांगितलेलं चारचौघात सांगितलेल्यापेक्षा बरं पचतं. त्या बाईंना फोन करा. फोटोवर बोलू नका, पुढच्या रविवारी येताय का, एवढंच विचारा.

प्रश्न : माझ्या मित्रानं मे महिन्यात माळावर टिटवीच्या घरट्याचे फोटो काढले. अंडी अगदी जवळून. सगळ्यांनी वाहवा केली. मला काहीतरी खटकलं, पण मैत्री म्हणून बोललो नाही. बोलायला हवं होतं का?
– एक वाचक, नान्नज रस्ता

उत्तर : हो. आणि इथं ‘आधी नजर कुठं गेली’ वगैरे माझं वरचं सगळं बाजूला ठेवा.

टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी ती ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुमचा मित्र लेन्स लावून जितका वेळ तिथं बसला, तितका वेळ ती लांब ओरडत फिरत होती आणि अंडी उन्हात होती. फोटोत ती अंड्यांवर नसेल, तर नेमकं तेच चाललं होतं.

त्याला आजच सांगा, साध्या शब्दांत. घरट्याचा फोटो दाखवायचा नाही, जागा कुणाला सांगायची नाही, आणि पुन्हा तिकडे जायचं नाही. तो चिडला तर चिडू द्या.