कुंडी न बघता दिलेलं औषध

"मॅडम, ग्रुपवर कुणी धडधडीत चुकीचं सांगत असेल तर बोलायचं की गप्प बसायचं?" सासू-सुनेच्या कुरबुरींइतक्याच वेळा हल्ली हा प्रश्न माझ्याकडे येतो. तो आला की मला मुलुंडच्या बाई आठवतात. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

बाई म्हणजे खरोखरच्या बाई, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. तक्रार झोपेची. रात्री एक-दीडपर्यंत फोन हातात, मग छातीत धडधड. डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉइड सगळं तपासून माझ्याकडे समुपदेशनासाठी धाडलं होतं. आल्या आल्या त्यांनी फोन उघडून पुढे केला. त्यात स्क्रीनशॉटचा एक फोल्डर होता, नाव 'चुका'. बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका कुणाला काय काय सल्ले देतात, ते तारीखवार.

"हे बघा. कुणाचीही पानं पिवळी पडू देत, यांचं आपलं एप्सम सॉल्ट ठरलेलं. अहो, ते मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तसं असेल तर घाला. पण कुंडीत पाणी तुंबून मुळं कुजली असतील तर त्याने काय होणार?"

बाईंचं बरोबरच होतं. तरी झोप उडाली होती ती त्यांचीच, काकांची नाही.

मी म्हटलं, "मग तो ग्रुप सोडून का देत नाही?"

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "तुम्हीही त्यातल्याच निघालात. कुंडी न बघता औषध सांगितलंत."

इतक्या वर्षांत मला कुणी असं सरळ तोंडावर पकडलं नव्हतं. "चुकलंच माझं," मी म्हटलं. "दाखवा कुंडी."

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग कढीपत्त्याची गोष्ट निघाली. सासूबाईंनी लावलेला, रंगाच्या डब्यातून मोठ्या कुंडीत आलेला, खिडकीच्या ग्रिलमध्ये चांगला कमरेएवढा वाढलेला. आदल्या वर्षी जूनमध्ये पानं पिवळी पडली. काकांनी सांगितलं, दोन मुठी युरिया घाला. युरियात ४६ टक्के नत्र असतं हे बाईंनी वर्गात कितीदा शिकवलं असेल. कुंडीत दोन मुठी म्हणजे मुळं होरपळणारच. पण गच्चीवर दीडशे कुंड्या सांभाळणारा माणूस सांगतोय म्हणून त्यांनी घातला. आठवडाभरात झाड माना टाकून बसलं. ग्रुपवर तसं लिहिलं तर काकांचं उत्तर आलं, "काही जणांच्या हाताला गुण नसतो."

'चुका' फोल्डर त्याच रात्री उघडला होता.

बाईंना काकांकडून एकच वाक्य हवं होतं आणि ते मिळणार नव्हतं. हे त्यांना मी सांगितलं नाही. तीन-चार भेटींत त्यांनीच हळूहळू तसं बोलून दाखवलं. सगळ्यात जास्त राग काकांचा नव्हता. माहीत असून ऐकलं, हा स्वतःवरचा राग होता.

मग आम्ही ते स्क्रीनशॉट घेऊन बसलो. मी एकच विचारायचे, "यात प्रश्न कुणाचा आहे?" कुणी विरारची नवी मुलगी, कुणी परळचे आजोबा. बाईंची लांबलचक उत्तरं मात्र सगळी काकांना. विचारणारा बिचारा मध्येच राहून गेलेला. आणखी एक गंमत सापडली. निम्मे वाद चूक-बरोबरचे नव्हतेच. एकाची खिडकी पश्चिमेची, पावसाचा सगळा मारा तिच्यावर. दुसऱ्याची दोन टॉवरांच्या बोळकांडीत, ऊन दिवसाला तासभर. एक म्हणणार कोकोपीट, म्हणजे मातीत मिसळायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, उत्तम; दुसरा म्हणणार त्यानेच माझी झाडं कुजली. दोघंही आपापल्या खिडकीपुरते खरे. बाई हसल्या, म्हणाल्या, "वर्गात असतं तर दोघांना अर्धे अर्धे मार्क दिले असते."

एवढं मात्र ठरवलं की उत्तर प्रश्न विचारणाऱ्याला द्यायचं, एकदाच, आपल्या कुंडीचा अनुभव म्हणून. रात्री दहानंतर लिहिलेलं सकाळचा चहा झाल्यावर पाठवायचं. फोन रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. युरियाच्या मुठींसारखं काही असेल, झाडच जाईल असं, तर त्याच वेळी 'हे घालू नका, माझं झाड गेलंय' एवढंच लिहायचं. तिथे भिडेखातर गप्प बसणं मला पटत नाही.

जुलैत विरारच्या मुलीचा मोगरा पिवळा पडला. काकांनी खत सांगितलं. बाईंनी लिहिलं, "आधी बोट दोन पेरं मातीत घाल. ओली लागली तर पाणी बंद, आणि कुंडीखालचं भोक बघ." भोक मुळांनी पार बुजलं होतं. मुलीने फोटो टाकला. काकांनी नुसता अंगठा दाखवला. बाईंनी त्याचाही स्क्रीनशॉट काढला होता, कबूल केलं त्यांनी. झोप अजून अधूनमधून उडते.

शेवटच्या भेटीत निघता निघता त्या माझ्या खिडकीतल्या मनीप्लँटपाशी थांबल्या. खालची पानं पिवळी पडली होती. मला वाटलं, आता सल्ला येणार.

"याला पाणी कोण घालतं?"

"सकाळी मावशी," मी म्हटलं. "आणि दुपारी मी."

बाईंनी मातीत बोट खुपसलं आणि माझ्याच टेबलावरचा टिश्यू ओढून पुसलं.