वजन कमी करण्याचं औषध चालू असताना कोणत्या सवयी लावाव्यात, ज्या पुढेही टिकतील?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपासून सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेताय, वजन उतरतंय, पण औषध थांबलं तर सगळं परत येईल अशी धास्ती वाटते. मी डॉक्टर नाही. दीड वर्षापासून हेच औषध घेतेय, त्या अनुभवावरून सांगते.

धास्ती अनाठायी नाही. या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. मग औषध आणि आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही थांबवलं, तेव्हा वर्षभरात घटलेल्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. यात त्या लोकांचा आळस शोधू नका. औषधाने दबलेली भूक औषध गेल्यावर परत येते. म्हणूनच बऱ्याच जणांना ते रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ घ्यावं लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

माझी चूक अशी झाली की कमी खाणं हीच मी सवय समजले. भूक नाही म्हणून दुपारचं जेवण सोडायचे आणि काटा खाली गेला की खूश व्हायचे. चार महिन्यांनी जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की वजनाबरोबर स्नायूही झिजतात. न खाणं हे औषधाचं काम होतं, माझं नव्हतं.

तेव्हापासून भूक असो-नसो, ठरलेल्या वेळी जेवते. ताटातलं प्रथिनांचं आधी संपवते, कारण चार घासांत पोट भरतं आणि नंतर ते राहूनच जातं. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करते: खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड, वजन उचलणं. इंजेक्शननंतरचे दोन दिवस मला मळमळतं, म्हणून ते दिवस चालण्यापुरते ठेवलेत. पाणी मोजून पिते, नाहीतर बद्धकोष्ठता होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते रात्रीने. भूक अजिबात नसायची, तरी ताणाच्या दिवशी पाय स्वयंपाकघराकडेच वळायचे. इतकी वर्षं ज्याला भूक म्हणत होते ती भूक नव्हतीच, हे औषधामुळे पहिल्यांदा दिसलं. आता त्या वेळी बहिणीला फोन करते किंवा बाहेर एक फेरी मारून येते. हे काम औषध चालू असतानाच करून घ्या, कारण भुकेचा गोंगाट नसताना मन जितकं स्पष्ट दिसतं तितकं नंतर दिसत नाही.

मध्यंतरी औषध न मिळाल्याने तीन आठवडे खंड पडला. भूक जोरात परतली आणि दीड किलो वाढलं. जेवणाच्या वेळा आणि व्यायाम मात्र सुटले नाहीत. तुमचाही असा खंड पडला तर पुन्हा थेट जुन्याच डोसवर जाऊ नका. कधीकधी कमी डोसपासून सुरुवात करावी लागते, ते डॉक्टरांना ठरवू द्या. बंद करायचं असेल तरी आधी त्यांच्याशी बोला.

या आठवड्यात एक करा. हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. माझी पहिली नोंद ९ ची आहे, गेल्या महिन्यातली १६ ची.