इशारे पुरे झाले, आराखडा तयार ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चढत्या समुद्रामुळे शहराला असलेल्या पुराच्या धोक्याचा अहवाल दिला, सादरीकरण झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि फाइल जिथल्या तिथे राहिली, म्हणून तू चिडली आहेस. ‘शहर बुडणार हे यांना कळत कसं नाही?’ असं विचारतेस. अगं, कळतं. बहुतेकांना चांगलं कळतं. न कळल्याचं सोंग घेतलं तरी आपलं फारसं बिघडत नाही, हेही कळतं. तुझं खरं काम तिथून सुरू होतं.

१२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्रीची व्हेनिसची गोष्ट तुझ्या कानावर आली असेल. व्हेनेतो प्रांताच्या विधिमंडळाने हवामान बदलाविषयीच्या दुरुस्त्या बहुमताने फेटाळल्या आणि लगेचच ग्रँड कॅनॉलच्या काठावरच्या त्यांच्याच इमारतीत पाणी शिरलं. त्या रात्री भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती. लोक हे हसत हसत सांगतात. पण पाणी पायाशी आलं की माणसं शहाणी होतात, हा समज या शहराने कधीच खोटा ठरवला आहे. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे १९४ सेंटिमीटर पाणी चढलं होतं. समुद्राच्या मुखाशी उघडझाप करणारे दरवाजे बसवायचं काम सुरू झालं २००३ मध्ये, आणि उधाणाच्या वेळी ते पहिल्यांदा उभे राहिले ऑक्टोबर २०२० मध्ये. मधल्या काळात, २०१४ मध्ये, याच प्रकल्पातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शहराच्या महापौरांना अटकही झाली.

असं का होतं? अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोघांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या मतदानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्ती आल्यावर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतदार बक्षीस देतात, पण आपत्तीच्या आधी तयारीवर खर्च करणाऱ्यांना देत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्यांच्याच हिशोबाने तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. तरीही तो खर्च होत नाही, कारण न आलेल्या पुराची फीत कापता येत नाही. तेव्हा समोरच्या माणसाला मूर्ख किंवा दुष्ट समजून बोलायला जाऊ नकोस. त्याचा हिशोब पाच वर्षांचा आहे, तुझा पन्नास वर्षांचा. त्याच्या पाच वर्षांत बसेल असं काय आहे, ते तुलाच शोधून द्यावं लागेल.

नेदरलँड्सचं नाव प्रत्येक भाषणात येतं, पण अर्धवट. तिथल्या जलविभागातला अभियंता योहान व्हॅन व्हेन तीसच्या दशकाच्या अखेरीपासून सांगत होता की नैर्ऋत्येकडचे बांध अपुरे आहेत. युद्ध आलं, मग पुनर्बांधणी आली, पैसा दुसरीकडे गेला. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसं गेली. मात्र तीन आठवड्यांच्या आत, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बांधायचं ते ठरवणारा डेल्टा आयोग नेमला गेला. इतक्या लवकर कामाला लागता आलं, कारण खाड्यांची तोंडं बंद करण्याचे आराखडे पुराच्या आधीच कागदावर होते. व्हॅन व्हेनने नुसते इशारे दिले असते, तर लोक फार तर ‘तो बरोबर होता’ म्हणाले असते.

आराखडा असला तरी पुढची पायरी लागते. मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून तयार होता. त्याला खरी गती आली २६ जुलै २००५ नंतर, म्हणजे सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून गेल्यावर. डच लोकांनी खाड्या बंद करण्याच्या कामासाठी १९५८ मध्ये कायदाच केला. त्यामुळे लोकांचा राग ओसरला, सरकारं बदलली, तरी काम चालू राहिलं आणि १९९७ मध्ये रॉटरडॅमजवळचा, समुद्राचं उधाण अडवणारा प्रचंड दरवाजा उभा राहिला. पुरानंतर राज्यकर्ते ऐकायला तयार असतात ते थोडे दिवस. त्या दिवसांत भिंत मागू नकोस, कायदा माग. दरवर्षी आपोआप मिळणारा निधी माग.

आता त्या आराखड्यात काय असावं, ते बघ. मला इथे जरा रेंगाळायचं आहे, कारण तुझ्या अहवालात ध्रुवांकडच्या वितळणाऱ्या बर्फाच्या थरांवर पानंच्या पानं आहेत आणि नाल्यांच्या तोंडांबद्दल एक परिच्छेद. किनाऱ्यावरचं शहर बऱ्याचदा समुद्र आत आल्याने बुडत नाही. आतलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही म्हणून बुडतं. नाला समुद्राला मिळतो तिथली पातळी भरतीच्या खाली असेल, तर भरतीचे काही तास तो नाला बंदच असतो. झडप नसेल तर समुद्राचं पाणी उलटं आत येतं, आणि झडप असेल तर पावसाचं पाणी तिच्यामागे साचतं. मग ते उपसायला पंप लागतात, आणि साठायला मोकळी जागा लागते. ती पाणथळ जागा आणि खारफुटी आपण आधीच भराव घालून संपवलेली असते. समुद्र थोडा चढला, तरी नाला बंद राहण्याचा वेळ वाढतो. हे कुठल्याही नगरसेवकाला समजतं, कारण त्याच्या प्रभागातला नाला त्याला ठाऊक असतो.

एक तांत्रिक गोष्ट, पण विसरू नकोस. बंदराचे लोक भरती ज्या शून्यापासून मोजतात, तो आणि रस्ते-नाल्यांच्या मोजणीचा शून्य बहुधा वेगळा असतो. दोन्ही आकडे एका शून्यावर आणल्याशिवाय तुलना करू नकोस. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये चौकशी झाली, तेव्हा काही पूरभिंती ठरलेल्या उंचीपेक्षा खाली असल्याचं दिसलं. त्याची कारणं दोन: उंची मोजण्याच्या आधारातली चूक आणि खचणारी जमीन.

जमीन खचण्याकडेही बघ. उत्तर जकार्तात ती काही ठिकाणी वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त वेगाने खचली आहे, त्यात भूजलाच्या उपशाचा मोठा वाटा आहे. टोकियोचा सखल भागही एकेकाळी असाच खचत होता. १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांपासून उपशावर बंधनं येत गेली आणि खचणं जवळपास थांबलं. म्हणजे धोक्याचा हा भाग शहराच्या स्वतःच्या हातात आहे. त्यासाठी कुठल्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पळवाट आता बदलली आहे. पूर्वी हवामान बदल नाकारून जबाबदारी टाळली जाई. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने, शास्त्रज्ञांनी सुचवलेला २१०० पर्यंतचा एक मीटर वाढीचा अंदाज नियमांसाठी वापरण्यावर काही वर्षांची बंदीच आणली होती. आता उलट, नाला साफ झाला नाही तरी दोष हवामान बदलावर टाकला जातो. दोन्ही वेळा टेबलापलीकडचा माणूस मोकळाच राहतो. म्हणून तुझ्या अहवालात प्रत्येक पाणी साचणाऱ्या जागेपुढे कारण वेगळं लिही: समुद्र किती, जमीन किती, अडवलेला नाला किती.

याचा अर्थ पृथ्वी तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनाचा प्रश्न सोडून दे, असा नाही. १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला आणि २००६ नंतर त्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या अंदाजाने, पूर्वी शंभर वर्षांतून एकदा दिसणारी पाण्याची पातळी २१०० पर्यंत भरती मोजणाऱ्या निम्म्याहून जास्त केंद्रांवर वर्षातून एकदा तरी दिसेल. पंपाला मर्यादा असते, आणि ती किती वर्षांत गाठली जाईल हे उत्सर्जनावर ठरतं. हे एक वाक्य, तुझ्या शहराच्या पंपांचे आकडे घालून, अहवालात असू दे. बर्फाच्या थरांची पानं परिशिष्टात टाक.

पावसाळा सुरू होण्याआधी एक काम कर. मोठ्या उधाणाच्या दिवशी, पाऊस नसताना, प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी जाऊन पाणी कुठवर येतं ते मोज आणि फोटोवर तारीख-वेळ असू दे. ती यादी आधी मला पाठव, मग साहेबांना. कुठल्या तीन नाल्यांपासून सुरुवात करायची आणि त्याला किती पैसे लागतील, हे पहिल्याच पानावर हवं. त्यातला एक तरी नाला येत्या अर्थसंकल्पात बसतो का, ते लेखा विभागातल्या कुणाशी तरी बसून तपासून घे. ते लोक चिडके असतात, पण त्यांना विचारलं की खूप सांगतात.