दुकानात टेप घेऊन जा

ठाणे (पश्चिम)

चि. यांस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ऐरोलीहून रोजची लोकल, सुट्टीत कोकण रेल्वेने गाव आणि पावसाळा सरला की एखाद्या गडावरचा मुक्काम, या सगळ्यांत सोबत राहील अशी लहान गिटार दहा हजारांच्या आत हवी, असे तू लिहिले आहेस. मागणी रास्त आहे. फक्त ‘लहान’ या शब्दापाशी जरा थांबायला हवे, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

दुकानात तुला ३०, ३६, ३८ असे इंचांचे आकडे ऐकू येतील. हे आकडे गिटारच्या एकूण लांबीचे असतात. ती माळ्यावर किंवा बर्थवर मावेल का, एवढेच त्यांवरून कळते. वाजेल कशी, ते कळत नाही. ते ठरते नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (पोटावरची, तार टेकते ती पट्टी) तार जेवढी मोकळी असते त्या लांबीवर, जिला आपण स्केल म्हणतो. शिंप्याकडे असते तशी टेप खिशात ठेव, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) अंतर मोज आणि त्याची दुप्पट कर, म्हणजे स्केल मिळाले. मोठ्या गिटारींचे स्केल साधारण ६५० मिलिमीटरच्या आसपास असते. यामाहाच्या एफ-३१० चे ६३४, तर त्याच कंपनीच्या जेआर-१ चे ५४०. मार्टिन कंपनीच्या ‘लिटल मार्टिन’ या लहान गिटारचे २३ इंच, म्हणजे सुमारे ५८४ मिलिमीटर आहे, परंतु तिची किंमत तुझ्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे आहे. गिटालेले, म्हणजे युकुलेलेएवढी सहा तारांची गिटार, तर अवघे ४३३ मिलिमीटर, त्यामुळे ती पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावल्यासारख्या चढ्या सुरात मिळवावी लागते. गाणाऱ्याच्या साथीला ती मला कधीच पुरेशी वाटली नाही.

स्केल आखूड झाले की काय होते, हे नीट समजून घे. तीच तार त्याच सुरात मिळवली, तर तिच्यावरचा ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६५० वरून ५८० वर आल्यास ताण जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो. बोटांना त्याचे सुख वाटते, पण जाड ई तार ढिली पडून फ्रेटवर खरखरू लागते आणि बोट थोडे जोरात पडले तरी सूर वर सरकतो. म्हणून लहान गिटारवर ०१० चा बारीक संच (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशांत) असेल, तर तो काढून ०१२ चा चढवावा. माझी पहिली लहान गिटार मी केवळ तिच्या चकाकीवर भाळून घेतली होती. तिच्यावर पहिल्या तीन फ्रेटांतल्या कॉर्ड गोड लागत आणि सातव्या फ्रेटच्या पुढे सगळाच बेसूर कारभार असे. दोन वर्षे मी माझ्या बोटांना दोष देत बसलो.

तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तारेवर एवढे करून पाहा. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेड, की घंटेसारखा स्वच्छ सूर येईल. मग त्याच फ्रेटवर तार दाबून छेड. मोबाइलमधल्या ट्यूनरवर दोन्ही सूर जुळायला हवेत. दाबलेला सूर ठळकपणे चढा येत असेल, तर दुकानदाराने कितीही सवलत दिली तरी ती गिटार परत टांगून ठेव. याच जागी जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असावी, आणि मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला असता फ्रेटांची टोके बोचू नयेत.

वरची फळी एकसंध लाकडाची असावी, असा आग्रह तुला अनेकजण करतील. घरात ठेवायच्या गिटारसाठी तो योग्यच आहे. प्रवासासाठी मात्र मी प्लायची फळी पसंत करतो, कारण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत एकसंध लाकूड फुगते, फळी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. प्लायचा आवाज थोडा कोता असतो, पण ती हे हाल पुष्कळ सोसते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मात्र कोणतीच गिटार ठेवू नकोस. तिथे गोंद मऊ होऊन ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेला फळीवरचा लाकडी तुकडा, सुटतो.

तेव्हा साधारण ५८० मिलिमीटर स्केलची, प्लायची आणि सुरात पक्की गिटार शोध, आणि पैसे असे बेतून ठेव की जाड अस्तराची बॅग, ०१२ चा संच आणि सॅडल घासून घेण्याची मजुरी त्यातच भागेल. लोकलमध्ये ती बॅग पाठीवर नव्हे, पोटाशी धर. येत्या रविवारी दुकानात जाणार असशील, तर बाराव्या फ्रेटचे माप घेतल्याबरोबर मला फोन कर. मी घरीच आहे.

तुझा,
नौपाड्याचा काका