१९६९ ची रोड रनर: मूळ क्लच बांधायचा, पण थरथर आधी शोधायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९६९ ची प्लिमथ रोड रनर, ३८३ घनइंचाचं इंजिन, चार गिअर. पहिल्यात उचलताना गाडी थरथरते आणि रिव्हर्स टाकला की खर्र होतं. गॅरेजवाला म्हणतो, जुनं बोर्ग अँड बेकचं कव्हर (क्लच प्लेटला इंजिनामागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारा भाग) भंगारात टाका आणि डायफ्रामवालं, म्हणजे एकाच थाळीसारख्या स्प्रिंगचं, नवं बसवा. तुम्हाला मूळचंच बांधून घ्यायचंय. यात शहाणपण आहे का?

आहे. आणि ते मी शोमध्ये जज खूश होतील म्हणून सांगत नाही. या गाडीचं पेडल आणि क्लच एकमेकांसाठी बनलेत. बोर्ग अँड बेकच्या कव्हरात गोल वळणाच्या जाड स्प्रिंगा असतात. जितकं दाबाल तितक्या त्या जड होतात. पायाला ते झेपावं म्हणून प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरने डॅशखाली पेडलला एक ओव्हरसेंटर स्प्रिंग लावली. सुरुवातीला ती पेडल वर धरून ठेवते, मधला टप्पा ओलांडला की उलटी होऊन तुमच्याबरोबर खाली ओढायला लागते. डायफ्रामचा स्वभाव वेगळा, तो शेवटाकडे आपणहून हलका होतो. दोन्ही एकत्र आले की पेडल खाली जातं आणि तिथेच बसतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मिशिगनला आल्यावर माझ्या पहिल्या गाडीत मी स्वतःच्या हाताने डायफ्राम बसवला आणि ती स्प्रिंग काढायची राहिली. ऑगस्टमधला शनिवार होता, वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझची, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीची, गर्दी होती. दुसऱ्या गिअरला जरा जोर दिला, क्लच दाबला आणि पेडल जमिनीला चिकटलं ते चिकटलंच. शेवटी बुटाचं टोक खाली घालून ते उपटून वर काढलं. शेजारच्या गाडीतले आजोबा हसत होते, त्यांनी हे आधी पाहिलेलं असणार. डायफ्राम वाईट नाही, ती स्प्रिंग काढलीत तर छान चालतो. पण तुमचं कव्हर शाबूत असेल तर बदलायचं कशाला?

आता थरथरीकडे या. गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक तास इतर गोष्टींना द्या. ड्रायव्हरच्या बाजूचा इंजिन माउंट फाटला असेल तर टॉर्क आला की इंजिन त्या बाजूने उचलतं आणि गाडी थरथरते. बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा, एकाला ब्रेकवर बसवून क्लच हळूच सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. समोर उभं राहायचं नाही. मग गाडीखाली जाऊन पेडलपासून फोर्कपर्यंतची (क्लच सोडवणाऱ्या दांड्यापर्यंतची) सगळी जोडणी हाताने हलवून पाहा: आडवा शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांचे बुश, रॉडांची भोकं. पन्नास-पंचावन्न वर्षांत प्रत्येक सांध्याने थोडी थोडी चाल खाल्लेली असते. तिची बेरीज म्हणजे पेडल तळाला टेकूनही क्लच पुरता न सुटणं. रिव्हर्सची खर्र बहुतेक वेळा इथूनच येते, आणि हे बुश क्लचच्या मानाने फुकटच मिळतात.

तिसरं म्हणजे तेल. या इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या मेन सीलला दोरी असते आणि ती म्हातारी झाली की झिरपते. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घराच्या) तळाला ओलं दिसत असेल तर ते सील आधी. नाहीतर प्लेटच्या नव्या लायनिंगवर (घर्षणाच्या थरावर) तेच तेल पडेल आणि महिनाभरात तुम्ही इथे पुन्हा तोच प्रश्न विचाराल.

खोलताना हे मात्र नीट ऐका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. बेलहाउसिंगमधली ती काळी-करडी धूळ म्हणजे तेच, असं धरून चाला. आपल्याकडच्या गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारून सगळं साफ करतात, मीही पुण्यात तेच शिकलो. इथे हवा मारायची नाही, ब्रशने झटकायचं नाही. पाण्यात साबण घालून फवारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बंद करा आणि पी-१०० फिल्टरचा मास्क लावा. कापडी मास्कचा उपयोग नाही.

गिअरबॉक्स ए-८३३, बिडाचा, शंभर पौंडांच्या वर. काढताना-बसवताना जॅकवर आधार द्या, क्लच प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकू देऊ नका. लटकला तर प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट कितीही नवी असली तरी थरथरतेच.

फ्लायव्हील बाहेर आलं की त्याच्या कडेचे दात मोजा. १३० असतील तर साडेदहा इंची क्लच, १४३ असतील तर अकरा इंची. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे स्प्लाइनही (लांबीतले उभे दाते) मोजा. ३८३ ला बारीक २३ असतात, क्रायस्लरच्या जोरदार हेमी इंजिनाच्या जाड शाफ्टला १८. इतक्या वर्षांत कुणी काय बदललंय ते विक्रेत्याच्या यादीत लिहिलेलं नसतं. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर ते लेथवर चालवू नका, ग्राइंड करून घ्या. डाग म्हणजे कडक झालेलं बीड. लेथचं टूल त्यावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो. बोल्टच्या भोकांकडे जाणारी भेग दिसली तर विषय संपला, दुसरं आणा. बसवताना एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, त्यामुळे ते एकाच पद्धतीने बसतं. जोर लावू नका, फिरवून बघा.

आता कव्हर. घरी खोलणार असाल तर प्रेस हवाच. आत सगळ्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात. ते तीन नट हाताशी धरून सोडले तर कव्हर छताला जाईल, वाटेत तुमची हनुवटी असेल. आधी पंचने कव्हर, बिडाची रिंग (प्लेटवर दाबणारी चकती) आणि तिन्ही बोटं (ती रिंग मागे उचलणाऱ्या तरफा) यांवर खुणा करा. बॅलन्स त्याच जोडीवर केलेला असतो. मग लाकडाचा ठोकळा ठेवून प्रेसने दाबा, नट काढा आणि दाब हळूहळू सोडा. स्प्रिंगांचा रंग व जागा लिहून ठेवा. त्या सगळ्या सपाट काचेवर उभ्या करा. एखादी बुटकी किंवा उष्णतेने निळसर झालेली दिसली की सगळा संच बदला, एकट्या स्प्रिंगला जोडीदार सापडत नाही.

लोक जिथे चुकतात ती जागा म्हणजे रिंगचे कान. बिडाच्या रिंगला तीन कान असतात, ते कव्हरच्या खिडक्यांतून बाहेर येतात आणि त्यांच्यावरूनच कव्हर रिंगला फिरवतं. या खिडक्यांच्या कडेला खाच पडली की कान तिथे अडकतो, मग सुटतो, पुन्हा अडकतो. तुमची थरथर नेमकी हीच असू शकते, आणि नवं लायनिंग घालून ती जाणार नाही. खाच उथळ असेल तर कानशीने सरळ करून उच्च तापमानाच्या ग्रीसचा अगदी पुसट हात. खोल असेल तर कव्हरचा पत्राच दुसरा शोधावा लागेल. रिंगवर सरळ पट्टी धरून बाक बघा आणि ग्राइंड करून घ्या. जितकं बीड काढाल तितक्या स्प्रिंगा सैल पडतात, म्हणून चांगला बांधणारा त्यांच्याखाली तेवढ्या जाडीचे वॉशर देतो. त्याला हा प्रश्न जरूर विचारा. तो गोंधळला तर कव्हर परत घेऊन या.

जोडताना फ्लायव्हीलवर दाबलेल्या प्लेटच्या जाडीचे तीन सारखे ठोकळे ठेवून कव्हर आवळायचं, तिन्ही बोटांची टोकं नटाने एका उंचीत आणायची आणि नट ठोकून पक्के करायचे. बोटं कमीजास्त राहिली तर रिंग तिरकी उठते आणि पुन्हा थरथर.

प्लेटचं लायनिंग मी घरी करत नाही. लहानपणी ट्रकच्या प्लेटांना हातोडीने रिव्हेट मारताना पाहिलंय, ते ट्रकला चालतं. तुमची प्लेट जुन्या हबसकट रिलायनिंगवाल्याकडे पाठवा आणि ऑरगॅनिक लायनिंग मागा. सिरॅमिकचे तुकडे रेसच्या पट्टीवर ठीक, सिग्नलवर ते तुमचा जीव खातील. दोन लायनिंगांच्या मधला लाटांचा पत्रा सपाट झालेला नाही ना आणि हबच्या स्प्रिंगा सैल वाजत नाहीत ना, एवढं पाठवण्याआधी बघा. गाडी मऊ उचलते ती त्या लाटांमुळे.

पायलट बुश (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारा) ब्राँझचाच घ्या. दुकानात खिशातला चुंबक लावून बघा, चिकटला तर ठेवून द्या. बेलहाउसिंगला डायल गेज लावून मधलं भोक क्रँकच्या रेषेत आहे का ते तपासा. पाच थाऊपेक्षा (इंचाच्या हजाराव्या भागांपेक्षा) जास्त फरक आला तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे बेलहाउसिंग सरकवून रेषेत आणणाऱ्या खुंट्या, मिळतात. इंजिन कधी बदललं असेल तर हे टाळू नकाच.

शेवटी जुळवणी: फोर्कच्या टोकाला ५/३२ इंच मोकळी चाल ठेवा, म्हणजे पेडलला साधारण एक इंच येते. पहिले पाचशे मैल गावातच चालवा, वारंवार गिअर बदलत, टायर न पेटवता. लायनिंग बसलं की मोकळी चाल कमी होते, ती पुन्हा मोजा.

कव्हर खोललंत की खिडक्यांच्या कडांचे जवळून फोटो टाका, पोस्टाने पाठवण्याआधी. कव्हर वाचवता येईल की नाही ते बहुधा फोटोवरून सांगता येईल.