माघातली करडं आणि तुझ्या सुया

पोरी, शेळी पहिल्यांदाच विणार म्हणून घाबरू नकोस. उस्मानाबादी शेळी साधारण १५० दिवसांनी विते, जुळीही बरेचदा होतात. पहाटेचा गारठा अजून आहे, म्हणून ओलं करडू कोरड्या गोणपाटानं खसाखसा पूस, नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, मात्र पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे. अडीच किलोच्या करडाला दिवसभरात पाव लिटर, चार-पाच वेळा विभागून. चीक पाजायला जार, म्हणजे वार, पडायची वाट बघत बसू नकोस. तसं थांबून मी एक करडू गमावलंय, अजून डोळ्यांपुढं येतं.

करडाला अंगडं विणायचंस ना? दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती घोंगडीलाच बरी. बाजारातली मऊ घे. एक सुलट, एक उलट टाके घाल, म्हणजे ताणलं जातं. बोकड असेल तर पोटाखाली आखूड ठेव, नाहीतर मुतानं भिजतं, आणि ओलं अंगडं उघड्या अंगापेक्षा वाईट. उन्हं वर आली की काढ, आपल्याकडं माघातली दुपार तापतेच.

कडब्याची गंजी लावून झाली की संध्याकाळी ये. गळ्याचे टाके कसे बंद करायचे, ते शेजारी बसून दाखवते.