सोयाबीनची पानं पिवळी, भेंडीच्या शिरा पिवळ्या : औषध एकच चालेल का?

प्रश्न : सोयाबीन महिन्याचं झालंय. झड लागून गेली आणि सखल भागातली शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच आहेत. कडेच्या भेंडीत उलट, शिराच पिवळ्या. दोन्हीला एकच फवारणी करू का? की युरिया टाकू?

उत्तर : युरियाचं पोतं तूर्त उघडू नका. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि ती तुम्ही शिरांवरूनच ओळखलीत : सोयाबीनला लोह कमी पडलंय, भेंडीवर विषाणू आलाय.

पानाच्या शिरेत दोन वाहिन्या असतात. वरच्या अंगाची जलवाहिनी मुळांकडून पाणी आणि अन्नद्रव्यं आणते. खालच्या अंगाची रसवाहिनी पानात तयार झालेली साखर शेंगांकडे, मुळांकडे नेते. लोह जुन्या पानात एकदा मुरलं की तिथून शेंड्याकडे फारसं परत येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की आधी कोवळं पान पिवळं होतं. जे थोडं लोह येतं ते शिरेलगतच्या पेशीच उचलतात, त्यामुळे शीर हिरवी राहते. नत्र (युरियातून मिळतं ते) कमी असतं तर खालची जुनी पानं शिरांसकट पिवळी पडली असती.

चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते विरघळत नाही. त्यात पाणी साचलं की मुळंही काम करेनाशी होतात. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वापसा येताच, म्हणजे जमीन काम करण्याइतकी सुकताच, हलकी कोळपणी करा. नुसत्या निचऱ्यानेच बरंचसं पीक सावरतं. तरीही पिवळेपणा राहिला तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. हिराकस फिकट हिरवा असेल तरच घ्या. तपकिरी पडलेला उपयोगाचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. गरज वाटली तर 8-10 दिवसांनी पुन्हा फवारा. पिवळ्या पानावर आधी हिरवे ठिपके उमटतात. खरी पावती नव्या पानाचा रंग.

मात्र पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील आणि अशी झाडं उंच-सखल न बघता रानभर विखुरलेली असतील, तर तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. तिथे हिराकस वाया जाईल.

भेंडीवर आलाय तो हळद्या, हाही विषाणूचाच रोग. पांढरी माशी पानाखाली बसून रसवाहिनीत सोंड खुपसते आणि विषाणू तिथेच सोडते. पान उन्हासमोर धरा : पिवळ्या शिरांची जाळी आणि मधे हिरवे तुकडे दिसतील. रोगी झाड कशानेही बरं होत नाही. दोन-चार झाडं असतील तर आजच उपटून पुरा. पिवळे चिकट सापळे लावा, 5 टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असा फवारा. निम्मं रान पिवळं झालं असेल तर औषधावर पैसा घालू नका, पुढच्या वेळी परभणी क्रांतीसारखा रोगाला तग धरणारा वाण घ्या.